चारतारी आणि काळी चार

माझ्या थोरल्या भावाला वाजवता येत नाही असं वाद्य मी अजून पाहिलेलं नाही, आणि तो कुणाशी दोन शब्द गोड बोललाय असा प्रसंगही पाहिलेला नाही. लग्नाच्या बँडमध्ये त्यानं क्लॅरिनेट वाजवलं, गायन पार्टीत बेंजो, भजनी मंडळात पेटी, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. ढोलकीवाला पंगतीत अडकला तर ढोलकीसुद्धा. अकोल्याच्या एका शाळेतून तो संगीत शिक्षक म्हणून रिटायर झाला, पण वाजवण्यातून रिटायर व्हायचं काही चिन्ह नाही. "तुले एक तरी वाद्य धड येते का?" असा टोमणा आमचे वडील त्याला मारायचे. "धड येत नाई म्हणून तं सारेच वाजवतो," तो म्हणायचा. वडिलांना उलट उत्तर देणारा आमच्या घरात तोच एकटा होता, आणि मारही तोच खायचा.

एकदा बाळापुरात ऑर्केस्ट्राच्या ऐन कार्यक्रमात लाईट गेली. कीबोर्ड मुका झाला, माईक मुके झाले, लोक चपला शोधू लागले. दादानं विहारातली पेटी मागवली. तिचा भाता फाटका होता आणि अर्ध्या कळा बसलेल्या होत्या. ज्या कळा वाजत होत्या तेवढ्याच स्वरांत बसतील अशी गाणी त्यानं जागच्या जागी निवडली आणि लाईट येईपर्यंत लोकांना हलू दिलं नाही. मी स्टेजवर होते, म्हणून सांगते. दुसरा कुणी असता तर आयोजकांच्या नावानं बोटं मोडत बसला असता. दादानं बोटं कळांवर ठेवली.

हे सगळं लोकांसाठी. स्वतःसाठी मात्र त्यानं आयुष्यभर एकच वाद्य ठेवलं, आणि ते कुणाला दाखवलं नाही.

आमचे वडील सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. तिथल्या एका मल्याळी नर्सबाईंची बदली झाली तेव्हा सामान बांधायला वडिलांसोबत दादाही गेला. शाळकरी होता, पण हाताला चपळ. बाईंनी खूश होऊन त्याला एक लाकडी वाद्य दिलं. दिसायला गिटारच, पण काखेत मावेल एवढी. बाईंनी नावही सांगितलं होतं म्हणे, पण ते घरी येईपर्यंत रस्त्यात सांडलं. आमच्या वस्तीत एकतारी सगळ्यांना ठाऊक होती. हिला चार तारा, म्हणून ती चारतारी झाली.

आता ती लावायची कशी? दादा भजनी मंडळातल्या एका बुवांकडे गेला. बुवांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि निकाल दिला, "चार तारा हायेत ना? तंबोऱ्याचं लेकरू हाये हे. षड्ज-पंचमात लाव." झालं. दादानं तिच्या तारा सा, प, प, सा अशा लावल्या. जगात कुठेही ते वाद्य असं लावत नाहीत, पण हे आम्हाला कळायला दादाचे केस पांढरे व्हावे लागले. तारा तुटल्या तर बाजारात मिळत नव्हत्या. मग मोर्णा नदीत गळ टाकणारे जी नायलॉनची दोरी वापरतात ती त्यानं आणली, बारीक-जाड पारखून चारही तारा तिच्याच चढवल्या. त्या लाडक्या चुकीतून एक वेगळाच आवाज निघाला. एका तारेवर चाल वाजायची आणि बाकीच्या तीन खालून सूर धरून ठेवायच्या. मी ऐकलेलं पहिलं संगीत ते. अजूनही जगातलं सगळ्यात चांगलं संगीत मला तेच वाटतं, आणि यावर मी कुणाशी वाद घालणार नाही.

एकदाच त्यानं चारतारी स्टेजवर नेली. समोरून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, लेकराचं खेळणं आणलं का?" मंडप हसला. दादा तापट. त्यानं ती खाली ठेवली, बेंजो घेतला, आणि चारतारीला पुन्हा कधी स्टेज दाखवलं नाही. ती घरातच राहिली. सकाळी चहा उकळेपर्यंत तो पायरीवर बसून ती छेडायचा. आदल्या दिवशी बँडमध्ये बारा तास फुंकून आला असला तरी. "जगासाठी वाजवून झालं, आता मले वाजवू दे," म्हणायचा. त्या पायरीवर, त्याच्या शेजारी बसून, मी गायला शिकले.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी गायन पार्टीत गायचे. माझी पट्टी काळी चार. गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या कळेवर बसतो ती त्याची पट्टी. आमच्याकडे गाणाऱ्याची ओळख आडनावापेक्षा पट्टीनं जास्त होते. स्टेजवर बसलं की पेटीवाला सगळ्यांदेखत माईकमध्ये विचारतो, "पट्टी?" आणि गाणाऱ्यानं ठणकावून सांगायचं. कुणी घोगरट आवाजात पांढरी एक म्हटलं की मागच्या रांगेतल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसतात. मी काळी चार म्हटलं की मंडप सावरून बसायचा. अमरावतीत लग्न होऊन आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले, दोन लेकरं झाली, तरी अकोल्यात माझी ओळख "कायी चारवाली बाई" हीच राहिली. मला तिचा गर्व होता. होताच. गर्व नसता तर एवढ्या वर्षांचा रियाज कशाच्या जोरावर केला असता?

मग गळ्याला गाठ आली. थायरॉइडची. गाठ साधी निघाली, ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर भला माणूस होता. बोलणं परत आलं, गाणं आलं नाही. वरचा सा लावायला गेलं की आवाज मध्येच फाटायचा, जुनं लुगडं फाटतं तसा, टर्रकन. दादा अकोल्याहून एसटीनं आला, माझी पेटी पुढ्यात घेतली आणि काळी चार धरली. मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा फाटला. "थोडं खाली घेऊ," दादा म्हणाला आणि त्याचं बोट पांढरी चारकडे सरकलं.

ते सरकणारं बोट मला दिसलं, आणि माझं डोकं फिरलं. "काळी चारच्या खाली गायचं तं मले गायचंच नाई," मी म्हटलं. पेटी बंद केली, आमच्या ह्यांना स्टुलावर चढवलं आणि ती माळ्यावर टाकायला लावली. ह्यांनी ती चादरीत गुंडाळून वर सरकवली. लग्नाला एवढी वर्षं झाली की माणसाला बायकोचा कोणता राग खरा हे कळतं.

पुढच्या रविवारी दादा पुन्हा आला. हातात पेटी नाही, ढोलकी नाही. पिशवीतून त्यानं चारतारी काढली.

"हे कायले आणलं?" मी विचारलं.

"पेटी मोठ्यानं बोलते. तिच्यापुढे तुले तुह्या गया आयकू येत नाई, मंग तू जोर लावते अन् फाटते. हे बारीक बोलते. बस इथी."

मी नको नको म्हणत बसले. त्यानं चारी तारांवरून अंगठा फिरवला. सा, प, प, सा. "कायी चार हाये," तो म्हणाला. "तुह्यीच. गा."

मी डोळे मिटून सा लावला. लागला. फाटला नाही. वरच्या सापर्यंत भीत भीत गेले, तोही लागला, जरासा कापरा, पण अख्खा. मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले. "काहून रडून राहिली? लागला ना सूर?" दादा खेकसला. "आता गिला वडा आण कुठून. उपाशी हाये मी." ह्यांनी स्कूटर काढली.

तेव्हापासून दर रविवारी तो यायचा. वयाच्या अशा टप्प्यावर, गुडघे कुरकुरत असताना, मूर्तिजापूरच्या रस्त्याचे धक्के खात. मी गायचे, तो छेडायचा. साथ कशी करावी हे कुणाला शिकायचं असेल त्यानं ते पाहायला हवं होतं. मी श्वासाला थांबले की तोही थांबायचा, आणि ते थांबणं गाण्याचाच भाग वाटायचं. माझा सूर हलला तर तो तारेवर बोट जरा दाबून तार माझ्याकडे ओढायचा, म्हणजे चूक तारेची वाटायची. बारा वाद्यं वाजवणाऱ्या माणसाला साथ अशी जमते, कारण त्यानं प्रत्येक जागेवर बसून पाहिलेलं असतं.

मधल्या काळात पुण्याला शिकणारी आमची नात सुट्टीत आली. चारतारी पाहून ती दादाला ओरडून म्हणाली, "आबा, हे तर युकुलेले आहे!" फोनवर तिनं दाखवलं. समुद्रकाठी लोक आमची चारतारी वाजवत होते, फुलांच्या माळा घालून. तारा लावायची खरी रीत वेगळी निघाली. दुसरा एखादा मास्तर रुसला असता. दादा दुपारभर तिच्यासमोर मांडी घालून बसला, तिच्या रीतीनं तारा लावल्या, तिच्याकडून बोटं कुठे ठेवायची ते शिकला, आणि संध्याकाळी तिला तिचंच गाणं तिच्यापेक्षा सफाईनं वाजवून दाखवलं. "लय गोड हाये हे," म्हणाला. मग खुंट्या पिळून तारा परत सा-प-प-सावर आणल्या. "पण आपल्याले हे लागते."

मला एवढंच खटकायचं की तो अलीकडे दोरी जाड जाड आणायला लागला होता. पूर्वी घोड्याच्या शेपटीच्या केसासारखी बारीक नायलॉन असायची. आता दुप्पट जाड. विचारलं तर म्हणाला, "बोटाले बरी वाटते."

दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा केला आणि पेटी खाली आली. चारतारी माझ्याकडेच होती. रविवारी यायचंच म्हणून तो ठेवून जायचा. पेटी पुसता पुसता माझं बोट आपोआप काळी चारवर गेलं. किती दिवसांनी. भाता ओढला आणि दुसऱ्या हातानं चारतारीची तार छेडली.

जुळेना. मला वाटलं पेटी माळ्यावर राहून बिघडली. एकेक कळ खाली येत गेले. पांढरी पाचवर नाही, काळी तीनवर नाही, पांढरी चारवर नाही. चार कळा खाली, पांढरी तीनवर, तार आणि पेटी एक झाल्या.

मी फडकं हातात घेऊन बसून राहिले. म्हणजे मी इतके महिने पांढरी तीनमध्ये गात होते. दादा चारतारी खाली उतरवून लावायचा, "कायी चार हाये" म्हणायचा, आणि मी मानायचे. पेटीवर बोट सरकलेलं दिसतं. चारतारीला कळा नाहीत, तिच्यात काही दिसत नाही. आणि तार उतरवली की ढिली होऊन झणझणते, म्हणून जाड दोरी. सगळं एकदम कळलं.

पहिला आला तो राग. मी काय दुधासाठी रडणारं लेकरू आहे? आयुष्यभर सूर सांभाळलेल्या बाईला असं फसवायचं? फोन हातात घेतला होता. मग विचार केला, आज फोन केला तर रविवारी काय होईल? तो खरं सांगेल. खरं कळल्यावर मी काय करणार हे मी माळ्यासमोर आधीच सांगून ठेवलं होतं. आणि मला तर गायचं होतं. रागाच्या खाली, तळाशी, एवढंच होतं की मला रविवारी गायचं होतं. मी पेटी पुसली आणि पुन्हा माळ्यावर चढवली. रविवारी दादा आला, तारा छेडल्या, म्हणाला, "कायी चार." मी म्हटलं, "हाव." त्या होकारात त्याच्याबद्दल जेवढी माया होती तेवढी मी त्याला तोंडावर कधी बोलून दाखवली नसती.

मग उन्हाळ्यात, जयंतीला, अकोल्याच्या आमच्या जुन्या वस्तीनं मला गायला बोलावलं. मी नाही म्हटलं. दादा म्हणाला, "फक्त चारतारी अन् ढोलकी. पेटी नाई. मी वाजवतो." जिला लोक खेळणं म्हणून हसले होते, ती चारतारी तो माझ्यासाठी पुन्हा स्टेजवर नेणार होता. मी हो म्हटलं.

मंडप भरला होता. आम्ही बसलो, दादानं चारतारी मांडीवर घेतली. कुणी हसलं नाही. वस्तीतल्या अर्ध्या लोकांनी शाळेत त्याच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या. तेवढ्यात एक मध्यमवयीन माणूस पेटी घेऊन स्टेजवर चढला आणि दादाच्या पाया पडला. त्याचाच जुना विद्यार्थी, आता शहरातला नावाजलेला पेटीवाला. "मास्तर, तुमी अन् ताई गाणार अन् पेटी नाई? मले मान द्या," म्हणून तो बसलाच. आता मानाला नको कसं म्हणणार?

त्यानं रिवाजाप्रमाणे माझ्याकडे पाहिलं. "पट्टी, ताई?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच माईकमध्ये म्हणाला, "विचारायचं काय! कायी चार." मंडपात टाळ्या पडल्या. त्यानं भाता ओढला.

त्याच वेळी दादानं सवयीनं तारा छेडल्या होत्या. दोन सूर एकमेकांवर आपटले. लहान लेकरालाही कळलं असतं.

"तुह्यी पेटी चढली हाये, बंद कर," दादा म्हणाला.

पेटीवाला गोंधळला. समोरच्या रांगेतून कुणीतरी हसून म्हणालं, "मास्तर, पेटी कशी चढन? कान गेला का तुमचा?"

या माणसाचा कान. ज्याच्या कानाच्या भरवशावर अख्ख्या अकोल्याच्या पेट्या सुरात लावल्या जात. मी दादाकडे पाहिलं. आता भडकणार, उठून जाणार. तो वडिलांना न जुमानणारा तापट माणूस मान खाली घालून हळूच म्हणाला, "गेला असन. वय झालं."

माझी काळी चार टिकावी म्हणून त्यानं आपला कान लोकांच्या हवाली केला. मी माईक ओढला. "कान शाबूत आहे मास्तरांचा. पेटीही बरोबर आहे. काळी चारच आता माझी राहिली नाही. ऑपरेशननंतर आवाज उतरला. माझी पट्टी आता पांढरी तीन आहे."

मागच्या रांगेत बाया कोपरानं ढोसत असतील तर ढोसोत. मी तिकडे पाहिलंच नाही. दादा माझ्याकडे बघत होता.

"तुले मालूम होतं?"

"दिवायीपासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तू सांगतलं होतं का?"

पेटीवाल्यानं घाईघाईनं पांढरी तीन दाबली. दादानं तार छेडली. आणि पुन्हा जुळेना. थोडं, पण जुळेना. एवढ्या लोकांत छाती काढून खरं सांगितलं, तेही चुकलं?

दादाच्या मिशीत हसू फुटलं. तो पेटीवाल्याकडे वाकला, पण माईक जवळ असल्यामुळे सगळ्या मंडपानं ऐकलं.

"कायी दोन धर, बावा. उन्हाया लागला की तिचा गया अर्धा सूर अजून खाली बसते. तिले ठाऊक नाई."

मंडप हसला, पेटीवाला हसला, मी रडत रडत हसले. पेटीवाल्यानं काळी दोन धरली. तिन्ही सूर एकमेकांत बसले, आणि मी गायले. फाटले नाही.

आता स्टेजवर कुणी मला पट्टी विचारली, तर मी सरळ सांगते, दादाला विचारा.